अम्मार लख्दीरींच्या लेखातली एक ओळ

१४ ऑक्टोबर, स्फाक्स
काढली. आज तिसऱ्यांदा.
खाणकामगार संघटनेचे पुढारी अम्मार लख्दीरी यांच्यावरच्या लेखात ‘खाणकामगार५७’ नावाचा सदस्य तीच ओळ पुन्हा पुन्हा घालतोय – ‘१९८६च्या संपात अकरा कामगारांची नावं लख्दीरींनीच पोलिसांना दिली.’ संदर्भ काही नाही. दुसऱ्या बाजूला ‘करामा’ नावाची कोणी बाई. ती लिहिते, ‘गरिबांचा वाली, खाणींचा बाप.’ तेही काढलं. दोघांनाही सारखंच लिहिलं – ज्ञानकोशात छापील पुराव्याशिवाय काही राहत नाही.
सहा वर्षं या ऑनलाइन ज्ञानकोशाची प्रचालक आहे मी – लोकांनी लिहिलेलं तपासायचं, नियमात न बसणारं काढायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर हेच काम, फुकटचं. कोणाची बाजू घेतली नाही असं म्हणता येतं, त्याचं बरं वाटतं.

१६ ऑक्टोबर
लेखाच्या चर्चापानावर त्या ‘खाणकामगार५७’शी दिवसभर वाद.
“बाई, संदर्भ म्हणजे काय असतो?”
“पुस्तक. वर्तमानपत्र. छापलेलं काहीतरी.”
“खाणीच्या गावात वर्तमानपत्र एकच होतं, संघटनेचं. संपादक कोण? लख्दीरी. तो स्वतःविरुद्ध छापणार होता होय?”
“मग दुसरं काही शोधा.”
“मी स्वतः होतो ना तिथे.”
“तुमचं तिथे असणं चालत नाही इथे.”
नियमाने अगदी बरोबर लिहिलं होतं. संगणक बंद केल्यावरही वाक्य डोक्यातून जाईना.

१९ ऑक्टोबर
‘करामा’ची तक्रार आली. ‘खाणकामगार५७’शी मी मवाळ वागते म्हणे.

२३ ऑक्टोबर
ताहरने न्याहारीच्या वेळी बातमी वाचून दाखवली. गाफ्साच्या नव्या वाचनालयाला लख्दीरींचं नाव देणार. खाली त्यांची ओळख छापली होती – शब्द न् शब्द आमच्या लेखातला.
“तुझंही नाव घालायला हवं होतं खाली,” ताहर म्हणाला. “लेखिका आमच्या सौ.”
हसले. पाव तेलात बुडवला तो तसाच बशीत राहिला.

२४ ऑक्टोबर
आज पाचव्यांदा घातली त्याने ती ओळ. तीन महिन्यांची बंदी घातली.
सूसहून रन्दाचा फोन. तीही प्रचालक, माझ्याहून तीस वर्षांनी लहान. “बरं केलंस, ताई. डोकं खाल्लं होतं म्हाताऱ्याने.”
“म्हातारा कशावरून?”
“असं टिच्चून भांडायला आमच्या वयाच्या कोणाला वेळ आहे?”

२८ ऑक्टोबर
त्याची मेल आली. खरं नाव शाझली. लिहितो –
“बाई, मला घातलीत ती बंदी राहू द्या, पण ओळ ठेवा. माझा भाऊ अमीन त्या यादीत होता. दुसऱ्या वर्षी तुरुंगातच वारला. यादी टाइप केलेली होती, त्याने स्वतः पाहिली होती. त्याचं नाव चुकलं होतं – अमीनचं अमीर. फौजदार रोज हाक मारायचा, ‘चला, अमीरसाहेब.’ भेटीला गेलो तेव्हा त्याने हसत सांगितलं होतं. एवढं कोणी मनाने रचतं का?”

नाही रचत.
हे पान माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तरी इथेही आजवर लिहिलं नाही. आता लिहिते. ती चूक माझी. संपाच्या वर्षी बावीस वर्षांची होते, लख्दीरींच्या संघटनेच्या कचेरीत आठ महिने टायपिस्ट होते. त्यांनी हाताने लिहिलेला कागद दिला. म्हणाले, “मुंजिया, ईदसाठी घरोघरी रवा वाटायचाय, एवढी नावं टाइप कर.” केली. अकरा. चार दिवसांनी अकराही जणांना धरून नेलं. रवा कोणालाच मिळाला नाही.
मी कोणाला काही विचारलं नाही. नोकरी सोडली, शिक्षिकेची परीक्षा दिली, स्फाक्सला आले. दुसरी एखादी यादी असेल, असं अडतीस वर्षं स्वतःला सांगत आले.
आणि त्याची ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मला कळलं होतं की ती खरी आहे. तरी त्यालाच विचारत राहिले – संदर्भ?

२ नोव्हेंबर
पाच दिवस झाले. उत्तर पाठवलेलं नाही. रोज लिहिते, पुसते.
आज ताहरला सांगितलं. ऐकून तो उठला, अंगणातल्या ऑलिव्हच्या टोपल्या उगाच इकडच्या तिकडे ठेवल्या. मग म्हणाला, “तू नुसती टाइप केलीस.”
“हो. आणि त्याची ओळ पुसली, तीही टाइप करूनच.”
“त्या माणसाकडे जा तू. मी येतो हवं तर.”
“नको.”

६ नोव्हेंबर
शेअर गाडीने गाफ्सा, तिथून खाणीचं गाव. शाझली सत्तरीकडचा, बारीक, खोकतो. प्रचालक दारात आली म्हटल्यावर बंदीबद्दल भांडेल असं वाटलं होतं. त्याने खुर्ची पुसून दिली.
मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. सगळं. ईदच्या रव्यापर्यंत.
त्याने किटलीतला चहा पेल्यात ओतला.
“अमीर कसं झालं ते?”
“घाई होती. पुन्हा वाचलंच नाही मी.”
“पुन्हा वाचलं असतंत तर अमीन लिहिलं असतंत. एवढंच.”
तेव्हा कुठे मी त्या पुसलेल्या खुर्चीवर बसले.
“माफी मागायला आल्या असाल तर ती अमीनकडे मागायची, माझ्याकडे नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडे यायचं तर ओळ घेऊन या. छापून. तुमचं नाव घालून.” मग पेला पुढे सरकवला. “घ्या, गार होतोय.”

७ नोव्हेंबर
प्रचालकपद सोडलं. त्याआधी शेवटचं काम – शाझलीची बंदी उठवली.

९ नोव्हेंबर
मी बोलावलं म्हणून इथल्या एका साप्ताहिकाची बातमीदार येऊन गेली. तीन तास बोलले. फोटो काढला. “नाव बदलू का?” तिने विचारलं. नको म्हटलं. दारात चपला घालताना तिने विचारलं, “इतकी वर्षं का नाही बोललात?” मी जिन्यातला दिवा लावला.

१५ नोव्हेंबर
छापून आलं. शेजारची सालिहा आज जिन्यात न बोलता गेली. तिचे वडील लख्दीरींच्या संघटनेत होते.
संध्याकाळपर्यंत रन्दाने ओळ लेखात घातली, खाली साप्ताहिकाचा संदर्भ. ‘करामा’ तुटून पडली. ‘दिली’ काढून ‘दिल्याचा आरोप आहे’ असं झालं. मी मधे पडले नाही. आता पडायचा हक्कही नाही. रन्दाचा फोन आला. नेहमीसारखी बडबड नाही. “ताई, नियमाने आरोपच लिहावं लागतं गं,” एवढंच.
आरोप तर आरोप. पण ओळ आहे.

१६ नोव्हेंबर
शाझलीचा फोन. अंक मिळाला, म्हणाला. मी म्हटलं, आता तुम्ही लिहा, राहिलेल्या दहा जणांबद्दल लिहा. तो म्हणाला, “ते दुसरं कोणी लिहील, बाई. मला एकाच माणसाला वाचून दाखवायचं होतं.” तो माणूस म्हणजे अमीनची बायको, मबरूका. दोन भावांपैकी एकालाच धरलं, दुसरा सुटला. तेव्हा नाव शाझलीनेच दिलं, असं ती अडतीस वर्षं मानत आली. समोरच्याच घरात राहायची, कधी बोलली नाही. ती चार तारखेला वारली. मी त्याच्याकडे चहा प्यायले त्याच्या दोन दिवस आधी. त्याची मेल येऊन तेव्हा आठवडा झाला होता.