बेशरमाच्या भिंती

मु. पारडटोला, ता. ब्रह्मपुरी
२ मार्च २०२५

चि. डिंपल हिला आईचा आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत, म्हणजे चालतो-फिरतो. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. शेजारची करिष्मा तुमच्या गडचिरोलीला येते आहे, तिच्या हाती देते.

यंदा तळ्यात मासळीपेक्षा झाडोराच जास्त. तेच ते, ज्याला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. आता आमचा बचतगट ते तोडून वाळवतो आणि ड्रमात झाकण लावून, धग कोंडून जाळतो. राख होऊ द्यायची नाही, कोळसा झाला पाहिजे. तो कुटून सिमेंटमध्ये घालायचा आणि विटा पाडायच्या. शिकवायला आलेली मॅडम सांगते, उघड्यावर जाळलं की सगळा कार्बन धूर होऊन आभाळात जातो. असा कोळसा केला तर बराचसा भिंतीतच अडकून राहतो, सिमेंटही थोडं कमी लागतं. आभाळाचं भलं होत असेल बाई, माझे खांदे मात्र गळून गेलेत. कितीही घासा, नखं काळीच.

तुझे बाबाही येतात. कोळसा कुटतात. तू प्रणितसोबत लग्नासाठी निघालीस तेव्हा अंगणात उभं राहून ते तुला काय ओरडले, ते मी लिहीत नाही. तळ्यातल्या त्या झाडाचंही नाव तेच, म्हणून तेव्हापासून ते नावही घेत नाहीत. ‘ते तळ्यातलं’ म्हणतात.

मागची पडकी खोली याच विटांनी बांधायला घेतली. काल भिंती पुऱ्या झाल्या. लटारूभाऊ बघायला आले. त्यांच्या जिभेला हाड नाही, चारचौघांत बाबांना म्हणाले, “काऊन इस्तारी, बेशरमाच्या भिंती बांधल्या तू! आता घरात बेशरमच नांदणार काय?”

बाबांच्या हातातली थापी तशीच राहिली. मला वाटलं, झालं, आता भांडण. पण हळूच म्हणाले, “बेशरम घरात घेतलं ना भाऊ म्या. मंग माह्या पोरीले काऊन नाई घेतलं?”

आणि सगळ्यांसमोर रडले गं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

फोन करा म्हटलं तर म्हणतात, “कोणत्या तोंडानं करू?” मीही थकले समजावून. खोली तुम्हा दोघांसाठी आहे. यायचं नसेल तर तसं सांग, पण फोन उचल.

पाकिटावर मी नुसतं ‘डिंपल’ लिहिलं होतं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, “पह्यले सौ. लिही.”

लिहिलं आहे.

तुझी आई,
मैना