निळा थेंब आणि प्राणप्रतिष्ठा

प्रिय अण्णा,

उद्या गणपती. तुमच्या वर्षश्राद्धानंतर घरात येणारा पहिलाच. आणि आईने फर्मान काढलंय, "मंजू, पूजेला तूच बस. स्वल्प चुकलं तर चालतंय." म्हणजे मूर्तीच्या छातीला हात लावून प्राणप्रतिष्ठा मी करायची! तुमच्या नास्तिक लेकीने! म्हणून ही तक्रार थेट तुमच्याकडे.

बंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या औषध कंपनीत मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "पोरी, दिवसभर करतीस तरी काय?" मी म्हटलं, "पेशी जिवंत आहेत का मेल्यात ते बघते." मग ऐटीत समजावलं: पेशींवर निळ्या रंगाचा थेंब टाकायचा. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, मेलेली निळी होते. झालं!

किती हसलात तुम्ही! "आमच्यात उलटं हाय गं. दुसऱ्याचं जे आत येऊ देतंय, ते जित्तं. दार लावून बसलंय, ते मेलेलं."

मी चिडले. मोजता येतं ते खरं, बाकी हवेतल्या गप्पा, असं बरंच काही बोलले. तुम्ही कसले ऐकताय! दर चतुर्थीला मुद्दाम खोडी काढायचात, "काय मॅडम, आमच्या गणपतीवर थेंब टाकून बघणार काय?" मातीत प्राण घालायचे आणि दीड दिवसाने परत पाठवायचे, हे मला कधीच पटलं नाही. अजूनही पटत नाही हं!

पण तुम्ही गेलात त्या दिवशी डॉक्टर माझ्याच भाषेत बोलले. हृदय बंद, श्वास बंद. सगळं बरोबर होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "पण ते गेले कुठे?" हा प्रश्न माझ्या शास्त्रात बसत नाही, अण्णा. मग मी तो गिळून टाकला. रडले नाही. आईचे डोळे भरले की मी लॅपटॉप उघडायची. शेजारच्या अक्का तुमच्या आठवणी काढायच्या, तेव्हा मला हटकून एखादं काम आठवायचं.

आज आईला म्हटलं, "माझा विश्वास नाही, मी खोटे खोटे प्राण कसे घालू?"

ती दूर्वा निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "विश्वास राहू दे बाजूला. मूर्तीत घालायचा जीव आधी तुझ्यात तर येऊ दे. वर्ष झालं, तुझ्या मनाला काही लागतच नाही गं."

माझ्या व्याख्येने मी अगदी ठणठणीत जिवंत होते. थेंबभरसुद्धा आत येऊ दिलं नव्हतं. आणि तुमच्या व्याख्येने?

मी तिच्याजवळ बसले, दूर्वा निवडायला लागले. तिने तुमचा विषय काढला. या वेळी उठले नाही. दोघी पोटभर रडलो. दूर्वा तशाच राहिल्या.

उद्या बसेन पूजेला. मंत्र चुकतील. मूर्तीत काय येतं, ते मला सांगता येणार नाही. पण पुन्हा दार लावून बसणार नाही, हा शब्द.

तुमची, निळी झालेली,
मंजू