दाब उतरवताना

अमरावती, जानेवारी १९६४. शनिवार, दिवेलागण.

सुदामचा स्फटिक मी फोडला. आधी हे लिहून टाकतो.

नळीत दाबाखाली वाढवलेला स्फटिक दाब उतरवताना घाई केली की फुटतो, हे मीच प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतो. आज मुंबईचे प्राध्यापक आले होते. सुदामला त्यांच्या प्रयोगशाळेत घ्यायचे की नाही, ते ठरवायला. अकोल्याच्या रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसमधून आणलेला आमचा जुना पंप पाहून ते हसले. मला लागले. मग घड्याळ पाहून ते प्राचार्यांकडे वळले, आणि ते निघून जातील या घाईत मी झडप एकदम उघडली. पोलादी नळीतून भुकटी निघाली.

"कोणी उघडली?" प्राध्यापकांनी वळून विचारले.

"मी, सर," सुदाम म्हणाला.

"हात उतावळा आहे," ते प्राचार्यांना म्हणाले.

मी ऐकले. माझ्या बोटांना झडपेचे तेल होते. ते रुमालाला पुसले. तेवढेच केले.

ते गेल्यावर सुदामला विचारले, खोटे का बोललास?

"तुमचं नाव गेलं तं मांगून येनाऱ्या पोराईले कोन घेईन, सर? मले नाई घेतलं तं तेल्हाऱ्याले मास्तर होतो. पोट्ट्याईले दाब शिकवतो." वर हसला.

बोटांचा वास अजून जात नाही.

पाहुणे विश्रामगृहावर आहेत, पहाटेच्या गाडीने जातील. मघाशी चपला घातल्या होत्या. आधी लिहून काढू, मग जाऊ, म्हणून बसलो. का? लिहिता लिहिता बरे वाटू लागले आहे. पुरते बरे वाटले की मी जाणार नाही.

उठतो.