म्हैस एकटीच परत आली

मंगळवार संध्याकाळ, शाळेच्या खोलीत

पुराचं पाणी उतरलं, पण हे अजून आले नाहीत. काल पहाटे गोठ्यातली म्हैस सोडायला गेलते. "तुमी शाळेच्या गच्चीवर चला, मी आलोच," म्हणाले.

आज दुपारी म्हैस एकटीच आली. गळ्यात दाव्याचा तुकडा, विळ्यानं कापलेला. म्हणजे हे गोठ्यापर्यंत पोचले होते. मग पुढं काय झालं?

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, दर एकादशीला नारायणगडाला जाणाऱ्या. मी देवाला हात जोडायचे ते त्यांच्या धाकानं. काल गच्चीवर भिजत त्या दिवसभर जप करत होत्या आणि मी यांना फोन लावत होते. आज म्हैस बघून त्यांचा जपच थांबला. म्हटलं, "आत्या, नाव घ्या की देवाचं."

"माझ्या तोंडून निघंना आता. तूच घे."

मला एक ओळ धड येत न्हाई. तरी हात जोडले. डोळ्यांपुढं सारखा तो कापलेला दाव्याचा तुकडाच येत होता. देवा, यांना जिवंत आण, एवढंच म्हणत राहिले. मग नदीकडं शोधायला गेलेली माणसं परतली. माझ्याकडं कुणी बघंना. त्यानंतर माझं मागणं कधी बदललं, मलाच कळलं न्हाई. नुसते सापडू दे, म्हणत होते. कसेही असोत, सापडू दे.

आत्यांनी ते ऐकलं आणि माझे जोडलेले हात खाली ओढले. "तसं नको मागू, बाई."

मग काय मागू?