पिवळ्या खोक्यावरचा शिंगाडा

बाबा, दुकानातला जुना कॉम्प्युटर आज भंगारात दिला. देण्याआधी एकदा लावून पाहिला, तर पडद्यावरचा शिंगाडा अजून जागेवरच होता. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

तो पहिल्यांदा काढला तेव्हा तिरोड्यातलं माझं फॉर्म भरायचं दुकान नवं होतं, आणि गावतलावाचं पाणी तुम्ही वाटत होतात. धान निसवताना, लोंब्या बाहेर पडताना पावसानं दगा दिला, की शेतातल्या कोणत्या बांधीला आधी आणि कोणत्या बांधीला नंतर, हा सगळा क्रम फक्त तुमच्या डोक्यात. पाणी कमी असेल त्या वर्षी तुम्ही तलावापासून लांबच्या, शेवटच्या बांधीपासून सुरुवात करायचात, तलावाजवळचे वरचे बांधीवाले कितीही ओरडले तरी. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी माइक लावून एकेक बांधी तुमच्याकडून वदवून घेतली. चार रविवार लागले. मग तुम्ही पडद्यावरच्या फोल्डरांसमोर डोकं खाजवत बसलात. "सारे खोके पिवरेच हायेत, बाई. माहा कोनता, कसा ओरखू?" मी पडद्यावर बारीक चौकटी भरत आपल्या तलावातला काळा शिंगाडा काढला, तुमच्या फोल्डरचा शॉर्टकट समोर ठेवला आणि त्याचा आयकॉन बदलला. "हे तं बैलाचं डोस्कं दिसते," म्हणालात, पण खूश होतात. दर बाजाराच्या दिवशी येऊन स्वतः माऊस धरायचात आणि स्वतःचाच आवाज मान डोलावत ऐकायचात.

पुढे मशीन बिघडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसावं लागेल. मी शिंगाडा सीडीवर घेतला. तुमच्यासमोर सीडीतून उघडून पाहिला, तुमचा आवाज आला. येणारच होता, सीडीवर गेला होता तो नुसता शॉर्टकट, खरा आवाज अजून मशीनमध्येच होता. लोकांना कॉम्प्युटर शिकवणारी मी, मला एवढं कळू नये! मशीन पुसून आल्यावर सीडी लावली, तर शिंगाड्याच्या जागी कोऱ्या पांढऱ्या कागदाचं चित्र दिसलं आणि काहीच उघडेना.

त्याच दुपारी मी नवा शिंगाडा काढला आणि एका रिकाम्या फोल्डरला लावला. तुम्ही आलात, पाहिलंत. ऐकायचं म्हणालात, तर मी स्पीकर बिघडल्याचं सांगितलं. पुढच्या बाजाराच्या दिवशीही तेच सांगितलं. "राहू दे. आता मी मेलो तरी चालते," म्हणालात. "सारं याच्यात हाय." गावात कोणी क्रम विचारला तर तुम्ही अभिमानानं माझ्या दुकानाकडे बोट दाखवायचात.

तुम्ही गेल्यावर पावसानं पहिल्यांदा ओढ दिली, तेव्हा वरच्यांनी पाणी आधी घेतलं. शेवटच्या बांधीवाली काकू दुकानात आली. "तुया बाबाचा आवाज आयकव ना त्याईले. त्याईचं आयकतीन." मी तिलाही म्हटलं, कॉम्प्युटर खराब आहे. तिच्या सगळ्या लोंब्या पोचट निघाल्या. ती मला अजून एका शब्दानं बोलली नाही, आणि ते मला सहन होत नाही, बाबा. कोणीतरी मला शिव्या घालायला हव्या होत्या.

हे कागदावरचं तुम्हाला वाचताही आलं नसतं. म्हणून एकच कबूल करते. शिंगाडा रिकामा झाल्यावर तुम्ही आणखी दोन पावसाळे जगलात. आवाज खणखणीत होता, माइकही टेबलावरच होता. पुन्हा एकदा सांगा, एवढंच मला म्हणायचं होतं, तेही म्हटलं नाही.