चढावरचा सोळा

एटापल्ली,
१३ मार्च १९८८

प्रिय गुलाब,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. कांतावहिनी दुखण्यातून उठून आता हिंडूफिरू लागल्या, ब्रह्मपुरीच्या राइस मिलमध्ये पोती तोलायचं काम अंगवळणी पडलं, हे वाचून बरं वाटलं. मिलमालक ट्रॅक्टर चालवायला सांगतात आणि तू नाही म्हणतोस, त्याचं कारणही तू लिहिलंस. त्याबद्दल पुढे लिहितो. पण शेवटी तू लिहिलंस, ‘यष्टी स्टँडवर सोडाले तुमी एकटेच आले होते भाऊ, ते मी विसरलो नाई.’ ते वाचलं आणि पत्र खिशात घालून वर्कशॉपच्या मागे जाऊन बसलो.

इकडे मोहाची फुलं पडायला लागली आहेत. सगळी गावं ती वेचायला रानात, त्यामुळे दवाखाना दुपारी रिकामा असतो. आपली पिकअप अजून चालते. नवा ड्रायव्हर आहे. बरा आहे, पण तुझ्यासारखा गाडीच्या आवाजाकडे कान ठेवत नाही.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर ती भामरागडच्या रस्त्यावर दोनदा बंद पडली होती, आठवतं? तेव्हा मी चंद्रपूरहून डिझेलच्या दाबाचं मीटर आणलं आणि फिल्टरच्या पुढच्या नळीला जोड देऊन तुझ्या समोरच्या पत्र्यावर बसवलं. केवढा मिरवलो होतो मी! डॉक्टरबाईंना गाडीजवळ उभं करून सांगितलं, की पंप टाकीतून डिझेल ओढून इंजिनाकडे पुरेशा जोरानं ढकलतो की नाही, ते हा काटा सांगतो. पंधराच्या वर असला की बिनघोर जा, दहाच्या खाली आला की थांबा. बाईंनी लगेच एक वही घालून दिली. दर शनिवारी मी दोन आकडे लिहायचे, एक गाडी उभी असताना आणि एक चढावर. उभ्या गाडीत इंजिनाला डिझेल थोडंच लागतं, तिथं काटा ठीकच दिसतो. खरं काय ते भरल्या गाडीनं चढ चढतानाच कळतं. हे त्यांना शिकवणारा मीच.

शहाऐंशीच्या डिसेंबरात तू दोनदा येऊन म्हणालास, ‘सोमाजीभाऊ, चढावर काटा खाली येऊन राह्यला. एक डाव तुमी संगं चला ना.’ मी होय होय म्हटलं. पण तेव्हा आमच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. मंडईच्या जत्रेत प्रयोग होता, मला इन्स्पेक्टरचं काम मिळालं होतं आणि तालीम नेमकी शनिवारी दुपारी असायची. चढापर्यंत जाऊन यायचं म्हणजे दोन तास. तुला सोबत न घेता मी एकटाच गाडी घेऊन निघालो, नाक्यापर्यंत गेलो, आंब्याच्या सावलीत गाडी उभी केली, माझे संवाद घोकले आणि परत आलो. तुला म्हणालो, ‘पाहून आलो. सोळावर हाये. मीटरच हालते जरासं, तू ध्यान नोको देऊ.’ आणि वहीत ‘चढावर’ या रकान्यात सोळा लिहिलं. पुढचे तीन शनिवार तर गाडीत बसलोही नाही. बसल्या जागी सोळा, सोळा, सोळा. गुलाब, तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि काट्यावरचा काढून घेतलास.

मग सत्याऐंशीच्या जानेवारीतला तो दिवस. लालसू गावाहून धावत आला, बायको बुधरी दोन दिवसांपासून बाळंतपणात अडली आहे म्हणून. तू तिला बाजेसकट पिकअपमध्ये घालून आणत होतास. टेकडीच्या चढावर इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. तू फिल्टरवरचा स्क्रू सैल केलास, पंपाची दांडी हातानं मारलीस, फेस बाहेर पडेपर्यंत हवा काढलीस. गाडी सुरू झाली, शंभर पावलं गेली, पुन्हा बंद. असं तीनदा. मग तू आणि लालसूनं बाज खांद्यावर घेतली. दोन कोस. तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मी धावलो आणि बाजेचा एक खूर धरला. डॉक्टरबाईंनी बुधरीला वाचवलं. मुलगा मात्र मेलेलाच निघाला. बाई म्हणाल्या, तासभर आधी आली असती तर. ते तूही ऐकलंस, मीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बैल लावून पिकअप ओढून आणली. चंद्रपूरहून संस्थेचे सचिव गुणवंतराव चौकशीला यायचे होते. ते येण्याआधी मी गाडीखाली शिरलो. टाकीकडून पंपाला येणारी रबराची नळी क्लिपेजवळ चिरली होती, नख आत जाईल एवढी. चढावर पंपाची ओढ वाढली की तिथून हवा आत जायची. महिनाभर काटा तेच सांगत होता. मी नळी बदलली आणि जुनी पुरून टाकली.

गुणवंतरावांनी वही पाहिली. म्हणाले, ‘चढावर सोळा आहे, म्हणजे गाडी ठीक होती. मग बंद काऊन पडली?’ मी म्हणालो, ‘डिझेलमध्ये कचरा आला असन साहेब. ड्रममधून भरलं होतं.’ त्यांनी तुला विचारलं, गाळून भरलं होतं का? तू माझ्याकडे पाहिलंस. मी वहीकडे पाहत राहिलो. तू म्हणालास, ‘गाळलं होतं साहेब. पण फडकं दुहेरी होतं की नाई, आता आठवत नाई.’ तेवढं त्यांना पुरलं. आठवड्यात तुझं काम गेलं आणि मी तुला पोचवायला स्टँडवर आलो. दया म्हणून नव्हे. तू जाता जाता कोणाशी काय बोलतोस, ते पाहायला आलो होतो.

मागच्या महिन्यात बुधरी पुन्हा आली. दिवस भरत आले होते. लालसूला आता कोणत्याच गाडीचा भरवसा नाही, म्हणून तिला पंधरा दिवस आधीच चालवत आणून पडवीत ठेवलं. मी तिथं नळ दुरुस्त करत होतो. तिनं नर्स नीलाबाईला माडिया बोलीत काही विचारलं. नीलाबाईनं मला सांगितलं, ‘ती विचारून राह्यली, मले खांद्यावर आणणारा तो कुठी हाये? त्याचा खांदा सोलून निघाला होता म्हणते. पोरगं झालं की त्याले दाखवायचं हाये.’ तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं.

तू लिहिलंस, ‘आता स्टेअरिंग धरवत नाई भाऊ. माह्या हातानं लेकरू गेलं.’ गुलाब, नळी बदलली त्या दिवशी मी फिल्टरही उघडला होता. तो स्वच्छ होता. काडीकचरा नाही, पाण्याचा थेंब नाही. तुझं डिझेल साफ होतं, हे मला साहेबांपुढे उभा राहण्याआधीच ठाऊक होतं. काल मी हे सगळं लिहून, खाली सही करून डॉक्टरबाईंना दिलं. त्यांनी वाचलं आणि मला बस म्हणाल्या नाहीत. चंद्रपूरच्या ऑफिसातून तुला आता कागद येईल. त्यात हे चार ओळींत, सरकारी भाषेत असेल. ते तुला तसं कळू नये, माझ्याच अक्षरात आधी कळावं, म्हणून आज बसलो. माफी मागत नाही, तेवढं तोंड मला नाही. एकच मागतो, मालकाला ट्रॅक्टरसाठी हो म्हण. उद्या सकाळी मी नीलाबाईला घेऊन लालसूच्या गावाला निघतो आहे. गाडी कोणामुळे थांबली, ते बुधरीला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तू म्हणू देशील तर तुझाच,
सोमाजी