बोटीच्या चार दिवस आधी

१९ जानेवारी १९५३, सोमवार
मोंबासाहून वसंतरावांचं पत्र. सुमतीचा परवाना झाला, तिकीटही काढून ठेवलंय. बोट मुंबईहून मंगळवारी, १० फेब्रुवारीला. खाली लाल शाईनं, दोन रेघा ओढून: "चार दिवस आधी मुंबईत पोचा. तपासण्या, दाखले, सामान, सगळ्याला रांगा. ऐनवेळी येणाऱ्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत." जावईबापू रेल्वेत कारकून, सासऱ्यालाही वेळापत्रकात बसवतात.
सु.ने पत्र दोनदा वाचलं आणि तांदूळ निवडायला बसली. तिला आनंद झाला असणार. मला झाला नाही. इथं तरी खोटं कशाला लिहू.

२१ जाने.
वर्गाला गणितं घातली आणि स्वतः दुसरंच करत बसलो. चार दिवस आधी म्हणजे ६ ला मुंबई. मेलगाडीला एक दिवस धरला तर ५ ला घर सोडायचं. एकच दिवस आधी पोचलो तर ८ ला सुटता येतं. म्हणजे तीन दिवस जास्त.
वसंतरावांना रजा चार वर्षांनी, तीही साहेबाच्या मर्जीवर. मी आत्ताच त्रेपन्न. सु.ची आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची. लग्नानंतर पंधरा दिवसांत नवरा बोटीवर चढला, म्हणून वर्षभर इथंच राहिली. लोक हळहळले, मी मनात खूश होतो.
बोट-कंपनीचा कागद पुन्हा काढून वाचला. "सकाळी नऊपर्यंत धक्क्यावर हजर राहावे." चार दिवसांचं नाव नाही त्यात.

२४ जाने., शनि.
सु.ला गोंदियाला नेऊन देवी टोचून आणली. डॉक्टरनी दाखला माझ्या हातात दिला. "सम्हाल के रखना मास्टरजी. इसके बिना जहाज पे पैर नहीं रखने देंगे." परत येताना आमगाव स्टेशनावर उतरलो. तिथून गाडीबैलानं घर. सु.चा दंड दुखत होता, तरी गाडीवानाशी धानाच्या गप्पा.

२८ जाने.
अक्कानं पंचांग पाहून आणलं. ४ तारीख, बुधवार चांगला. पुढं आठ दिवस काहीच नाही. म्हणाली, "मग चारलाच निघा. जावयाचंही राहील, पंचांगाचंही राहील." मोठी बहीण म्हणून तिला या घरात शेवटचा शब्द असतो, आणि या वेळी तो बरोबरही होता.
मी प्रस्थान ठेवायचं काढलं. मुहूर्तावर गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघालं असं धरतात. मग पाच दिवसांत तिथून गाठोडं उचलायचं आणि परस्पर पुढं जायचं. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी आईनंही ठेवलं होतं, याची आठवण दिली. अक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तीस वर्षं तिच्या पंचांगाची टिंगल करणारा मी.
ठरलं. प्रस्थान ४ ला, निघायचं ८ ला सकाळी.

४ फेब्रु., बुध.
प्रस्थान ठेवलं, सोमाजीकडे. त्याचं घर आमच्या समोरच. गाठोड्यात लुगडं, हळदकुंकू, सुपारी, ओंजळभर तांदूळ. अक्का म्हणाली, एवढ्यानं होत नाही, जिच्यावाचून प्रवास अडेल अशी एक तरी वस्तू आत पाहिजे, नाहीतर ते देवाला फसवणं झालं. फसवणं हा शब्द लागला. उठलो आणि टोचल्याचा दाखला गाठोड्यात घातला.
सु. स्वतः नेऊन ठेवून आली, परत येताना मागच्या दारानं. थोड्या वेळानं सोमाजी डोकावला. "काऊन गुरुजी, पोरगी गेली म्हणता, अन् थे तं घरी वांगे चिरून राहिली."
सगळे हसलो. मी सगळ्यांत जास्त.

६ फेब्रु.
आज मुंबईत असायचं होतं. त्याऐवजी शाळा सुटल्यावर सु.बरोबर धानाच्या बांधीवर गेलो. धान कधीच उचललंय, मागून पेरलेली लाखोरी फुललीय. ती बांधावर बसून शेंगा खात होती. मधेच म्हणाली, "बाबा, त्यांनी चार दिवस लिहिलं होतं." मी म्हटलं, कंपनी नऊ वाजता बोलावते, कंपनीला जावयापेक्षा जास्त कळतं. तिनं पुढची शेंग सोलली.
फार सुंदर दिवस गेला असं लिहिणार होतो. तसा तो गेला नाही. दोघंही घड्याळ ऐकत असल्यागत बसलो होतो.

७ फेब्रु.
दिवसभर आमगावात. ट्रंकेला नवी कडी, पोहे, लिंबाचं लोणचं. दोघंही दमून आलो, जेवून आडवे.

८ फेब्रु., रवि., दुपार
निघालो नाही.
पहाटे गाडी जुंपली, ट्रंक चढवली, गाठोडं घ्यायला सोमाजीकडे गेलो तर दाराला कुलूप. देवरीला त्याचा साळा वारला, काल संध्याकाळी निरोप आला तसं सगळं घर बंद करून गेलं. आम्ही तेव्हा बाजारात. अक्का देवळात. दाखला आत.
गाडीवान म्हणाला, तोडून टाकतो, दोन घाव. हातात कुऱ्हाडही घेतली. अक्का म्हणाली, सुतकाचं घर, आत प्रस्थान, कुलूप तोडून निघणं बरं नव्हे. मी लगेच ऐकलं. एरवी अक्काचं मी काय ऐकतो.
गाडीची शिटी गावापर्यंत आली. सु. अंगणात ट्रंकेवर बसून होती, प्रवासाचं लुगडं नेसून. रडली नाही. मी घरात गेलो, आणि आज ती इथंच जेवेल असं मनात आलं. आनंदानं आलं.
दहाला अक्कानंच सायकलवाला देवरीला धाडला. मला ते सुचलं नाही, की सुचू दिलं नाही.

तोच दिवस, संध्याकाळ
सोमाजी स्वतः आला, सायकलच्या मागं बसून. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. कुलूप काढून गाठोडं सु.च्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळला. "कुलूप कायले नाही तोडलं गुरुजी? पोरीची बोट मोठी का माहं कुलूप मोठं?"
तो पाणीही न घेता परत गेला.

९ फेब्रु., गाडीत
पेन्सिलीनं लिहितोय. मेल उशिरा आली, पुढं आणखी रखडली. वर्ध्याच्या पुढं अर्धा तास उभी. समोरचे गृहस्थ म्हणतात, नऊला व्ही.टी. आली तर नशीब. नऊला तर धक्क्यावर असायचंय.
सु. खिडकीशी. बाहेर बघतच म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते कुलूप तोडायचंच नव्हतं ना?"
मी म्हटलं, जरा पड, उद्या दगदग आहे.
नाही म्हणायला हवं होतं. किंवा हो.

११ फेब्रु., परतीच्या गाडीत
काल सकाळी गाडी साडेनऊला लागली. टांगेवाल्याला पळव पळव म्हणत धक्क्यावर आलो तेव्हा आत घेणं बंद करायच्या बेतात होते. शिपायानं माझा पास मागितला. पोचवायला येणाऱ्यांचे पास आदल्या दिवशी दुपारपर्यंत वाटले, म्हणाला. वसंतरावांनी लिहिलेल्या रांगांतली ही एक असावी. जे वेळेत आले ते बोटीवर जाऊन आपल्या माणसांची जागा बघून, चहा पिऊन खाली उतरले. असे कितीतरी बाप मी पाहिले.
सु. नमस्काराला वाकली. शिपाई म्हणाला, बाई, चला चला. तिचा हात माझ्या पायापर्यंत आला नाही. हमालानं ट्रंक उचलली, ती त्याच्या मागं जवळजवळ पळतच गेली, दाखला हातात उंच धरून. काय बोलायचं हे तीन दिवस ठरवत होतो, ते राहूनच गेलं.
फाटकाबाहेर भिंतीशी थांबलो. तिथून बोट दिसत नाही. गोदामांचे पत्रे, त्यामागं धूर. दोनच्या सुमारास भोंगा झाला. थोड्या वेळानं धूर सरकला, तेव्हा कळलं.
तीनाचे चार दिवस ठेवून घेतलं. त्यातला एक तिनं ट्रंकेवर बसून काढला.

१५ फेब्रु.
अक्का विचारते, कशी चढली, जागा कशी मिळाली. मी म्हणतो, बरी. सोमाजी तेरावं करून आला की त्याच्याकडे जायला हवं. पाय उचलत नाही.

२२ फेब्रु.
सु.ला पत्र लिहिलं. कुलपाचं खरं ते लिहिलं. सकाळी फाडलं. परक्या देशात एकटी, तिला हे कशाला.

३ मार्च
तेच पत्र पुन्हा. पुन्हा फाडलं. शाळेत आज दोन मुलांना विनाकारण मारलं.

१६ मार्च, सोम.
सु.चं पत्र आलं. सुखरूप आहे. वसंतराव उतरवून घ्यायला आले होते, उशिराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पहिले तीन दिवस बोट लागली, मग बरं. घराला पत्र्याचं छप्पर, दारात आंबा.
शेवटी लिहिते: "फाटकातून आत गेले तेव्हा तुमच्यावर फार राग होता, बाबा. वर जाऊन कठड्याशी उभी राहिले. धक्क्याच्या टोकाला काळी टोपी घातलेलं कुणीतरी उपरणं हलवत होतं. तोंड दिसत नव्हतं, पण मी ओळखलं. शिपायाला काहीतरी सांगून तुम्ही आत शिरलातच. किनारा दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत होते. सगळा राग तिथंच गेला. तुम्हीच होतात ना?"
अक्काला वाचून दाखवलं. तिनं डोळे पुसले. म्हणाली, "हो म्हणून लिही. त्यात कुणाचं काय जातं."
दिवा ओढून बसलो. 'चि. सुमतीस अनेक आशीर्वाद' इथपर्यंत झालंय. टपालवाला उद्या दुपारी येतो.